जुन्या गाडीच्या पत्र्यावरचा तांबेरा : ओळख आणि उपाय



उसाच्या पानावर तांबूस-नारिंगी पुटकुळ्या दिसल्या की आपल्यापैकी कोणीही सांगेल, तांबेरा आला. मग आपण स्वस्थ बसत नाही. शेती खात्याच्या माणसाला विचारतो, औषध आणतो, पुढच्या लागणीला बेणे बदलतो. पण अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, जीपच्या दाराच्या खालच्या कडेला किंवा ट्रॉलीच्या हौद्यात तसल्याच रंगाच्या पुटकुळ्या आल्या, तर आपण काय म्हणतो? "जुनी गाडी हाय, गंजायचीच!" दसरा आला की त्यावर रंगाचा एक हात मारतो, हार घालतो, नारळ फोडतो. रंगाखाली तांबेरा मात्र सुखाने वाढत राहतो.

ऊस वाहतुकीच्या निमित्ताने आमच्यापुढे रोज जुन्या गाड्या येतात. इंजिन उत्तम, गिअर उत्तम, पण पत्रा गेला म्हणून मोडीत निघालेल्या गाड्याही आम्ही पुष्कळ पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच वेळीच हात लावला असता तर वाचल्या असत्या. म्हणून या अंकात पत्र्याच्या गंजाचा हा छोटा पाठ देत आहोत.

आधी आमचीच चूक

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपली चूक सांगावी हे बरे. आमच्या घरी वडिलांच्या वेळची एक जुनी जीप आहे. तिच्या दाराच्या खालच्या कडेला आणि पुढच्या मडगार्डला फोड आले होते. घरात लग्न ठरले, तेव्हा आम्ही गाडी एका गॅरेजला टाकली आणि बजावून सांगितले, "आठ दिवसांत द्या आणि जास्त खर्च काढू नका." मिस्त्रींनी फोड खरवडले न खरवडले, वर लांबी भरली, घासून गुळगुळीत केली आणि झकास रंग मारला. गाडी नवरीसारखी दिसू लागली. पाहुण्यांनीही वाखाणली.

पहिला पावसाळा गेला आणि त्याच जागी पुन्हा फोड आले. दुसऱ्या पावसाळ्यात लांबीचा तळहाताएवढा पापुद्रा हातात आला. मागे पाहतो तर पत्राच नव्हता! मग धास्ती घेऊन आतले मॅटिंग उचलले. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा चाळणी झाला होता, आणि तोही ब्रेक दाबताना टाच जिथे टेकते नेमका तिथे. त्या जीपमधून आमची पोरेबाळे रोज शाळेला जात होती. त्या दिवशी अंगावर काटा आला तो अजून आठवतो.

यात दोष एकट्या मिस्त्रींचा नव्हे. लवकर आणि स्वस्तात मागणारे आम्हीच होतो. त्या वेळी शिकलो ते असे : रंग हे गंजावरचे औषध नव्हे, ते पांघरूण आहे. तापाच्या माणसाला पांघरूण घातल्याने ताप दिसेनासा होईल, उतरणार नाही.

गंज म्हणजे काय?

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन हे तिघे एकत्र आले की गंज धरतो. यातला एक जरी बाजूला ठेवला तरी गंजाचे काम थांबते. लोखंड काढता येत नाही, हवा काढता येत नाही. उरते पाणी. तेव्हा गंजाशी लढाई म्हणजे पाण्याशी लढाई, ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

या तिघांना एक चौथा साथीदार आहे, तो म्हणजे खार. पाण्यात मीठ किंवा खार विरघळला की त्यातून वीज सहज वाहते. गंजणाऱ्या पत्र्यावर अगदी सूक्ष्म बॅटरीसारखी क्रिया चालू असते, तिला त्यामुळे जोर चढतो.

ॲल्युमिनियमवर जो थर येतो तो घट्ट बसून खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाच्या गंजाचे तसे नाही. तो भुसभुशीत असतो आणि स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो. शिवाय तो मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो आणि फोड येतो. फोडाच्या कडेतून आणखी पाणी शिरते. गंजावर रंग मारणे म्हणजे ओला स्पंज पत्र्याला चिकटवून वर झाकण लावणे होय.

आपल्याच गाड्या जास्त का गंजतात?

शहरातल्या गाडीला पाऊस लागतो. आपल्या गाडीला पावसाबरोबर पुढील गोष्टीही लागतात :

१. उसाचा रस. मोळ्या भरताना, दाबताना हौद्यात रस गळतो. तो आंबला की आम्ल तयार होते आणि पत्रा खाते.

२. खते. म्युरिएट ऑफ पोटॅश हे रासायनिक दृष्ट्या क्लोराइडच आहे, म्हणजे खाण्याच्या मिठाचा सख्खा भाऊ. अमोनियम सल्फेटही आम्लधर्मी. फाटक्या पोत्यातून सांडलेली मूठभर खताची भुकटी हौद्याच्या कोपऱ्यात राहिली, तर दमट हवेतले पाणी ओढून ती तिथेच पत्रा खात बसते.

३. प्रेसमड आणि शेणखत. दोन्ही ओली आणि दोन्ही ओलावा धरून ठेवणारी.

४. चिखल. मडगार्डच्या आतल्या वळलेल्या पट्टीत एकदा माती बसली की पाऊस संपून महिना झाला तरी ती आतून ओली असते. बाहेरून गाडी कोरडी ठणठणीत, आणि आत पोटीस बांधलेले!

म्हणूनच गंज बहुधा आतून बाहेर येतो. बाहेर रुपयाएवढा डाग दिसला तर आतल्या बाजूला तो बशीएवढा असेल, असे धरूनच चालावे.

तपासणी कशी करावी?

गाडी आतून-बाहेरून, खालून धुवावी. चिखल लाकडाच्या काडीने उकरून काढावा. दोन दिवस उन्हात वाळू द्यावी. मग बॅटरीचा उजेड घेऊन खाली वाकून बघावे. मडगार्डच्या कडा, दारांचा तळ, पायाखालचा पत्रा, बॅटरीच्या पेटीखालची जागा, बॉनेटच्या बिजागऱ्या आणि ट्रॉलीच्या हौद्याचे कोपरे व फाळक्याचे सांधे या जागा चुकवू नयेत.

तीन सोप्या परीक्षा आहेत. पहिली कानाची. छोट्या हातोडीने हलके ठोकावे. निरोगी पत्रा 'टण्' वाजतो, खाल्लेला पत्रा 'भद्' असा बसका आवाज देतो. दुसरी हाताची. स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते आत गेले, तर तिथे पत्रा संपला. तिसरी लोहचुंबकाची. जाड लांबीवर चुंबक धरत नाही. जुनी गाडी विकत घ्यायला जाताना खिशात छोटे चुंबक न्यावे. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या दारावर ते जिथे निसटेल तिथे काय दडले आहे ते ओळखावे.

एक इशारा. गंज चॅसीला, ट्रॉलीच्या दांडीला, हुकाला, आसाच्या बैठकीला किंवा सीटच्या बोल्टभोवती असेल तर तो पत्र्याचा प्रश्न राहत नाही. त्यावर गाडीचा आणि माणसांचा भार आहे. तिथे लांबी, ठिगळ, रंग यांचा खेळ अजिबात करू नये. जाणत्या कारागिराला दाखवून तो भाग बदलून किंवा नीट बांधूनच घ्यावा. ऊसतोडीची माणसे पोराबाळांसह त्याच ट्रॉलीत बसून फडावर जातात, हे विसरू नये.

गंजाच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी : वरचा गंज. रंग उडालेल्या जागी तांबूस भुकटी, पण खाली पत्रा सपाट. हे काम घरी होते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे, मग १२० नंबरने. डाग दिसतो त्याच्याभोवती दोन बोटे जास्त घासावे आणि चांगला, चकचकीत पत्रा लागेपर्यंत थांबू नये. जुन्या रंगाची कड बोटाला जाणवणार नाही इतकी उतरती करावी. नंतर थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसून त्याच दिवशी अस्तर द्यावे. "अस्तर उद्या देऊ" असे म्हणू नये. उघड्या पत्र्यावर रात्रीच्या दवाने पुन्हा लाली चढते आणि घासलेले फुकट जाते.

दुसरी पायरी : खड्ड्यांचा गंज. पापुद्रे सुटतात आणि खाली देवीच्या व्रणांसारखे बारीक खड्डे असतात. आधी पापुद्रे हातोडीने व पटाशीने पाडावेत, मग तारेच्या ब्रशने झाडावे. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावल्यास काम भरभर होते, पण तारा सुटून गोळीसारख्या उडतात. डोळ्याला चष्मा लावल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये.

एवढे करूनही खड्ड्यांच्या तळाला काळा गंज राहतो. त्यासाठी फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक मिळते. ते लावल्यावर उरलेल्या गंजाचे लोह-फॉस्फेट बनते. दिल्लीत कुतुबमिनारापाशी उभा असलेला लोहस्तंभ सुमारे १,६०० वर्षे ऊन-पाऊस खात टिकला आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त असल्यामुळे वर रक्षक थर तयार झाला, असे धातुशास्त्रज्ञ सांगतात. दुसऱ्या प्रकारच्या औषधात टॅनिन असते. हिरड्याचा काढा लोखंडी भांड्यात काळाभोर होतो ना, तीच ही क्रिया. गंज काळा होऊन स्थिर होतो.

ही औषधे जाड पापुद्र्यावर लावून उपयोग नाही, ती तळापर्यंत पोहोचत नाहीत. काही औषधे नंतर धुवावी लागतात, काही तशीच ठेवायची असतात, म्हणून डब्यावरची सूचना वाचूनच वापर करावा. रबरी हातमोजे घालावेत. मात्र संडास-मोरी साफ करण्याचे आम्ल गंजाला कधीही लावू नये. त्याने गंज क्षणात निघतो खरा, पण ते क्लोराइडचे आम्ल आहे. खड्ड्यात त्याचा अंश राहतो आणि आठवड्याभरात पत्रा दुप्पट गंजतो.

तिसरी पायरी : आरपार भोक. इथे औषध संपले, शस्त्रक्रिया सुरू झाली. भोकाभोवतीचा पातळ झालेला पत्रा कापून टाकावा आणि निरोगी पत्रा लागेल तिथे थांबावे. ऊस कुजला तर आपण कांडे कुठवर तोडतो? पांढरे, निरोगी दिसेपर्यंत. तोच नियम. ठिगळाचे कोपरे गोल ठेवावेत. ठिगळ मूळ पत्र्याच्याच जाडीचे घ्यावे. जीप-मोटारीच्या दारा-मडगार्डाला साधारण २० ते २२ गेजचा पत्रा लागतो, ट्रॉलीच्या हौद्याला अर्थातच जाड.

पातळ पत्र्याला साध्या काडीच्या वेल्डिंगने आणखी भोके पडतात, म्हणून गॅस किंवा सीओटू वेल्डिंग करून घ्यावे. एका दमात सलग शिवण न मारता, लांब लांब टाके घालत, मध्ये पत्रा निवू देत काम करावे, नाहीतर पत्रा पापडासारखा वाकतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडाव्यात, आतले मॅटिंग, गाद्या व जवळची रबरे काढावीत, डिझेलची टाकी व नळ्या कुठे आहेत ते पाहावे आणि पाण्याची बादली, वाळू जवळ ठेवावी. इंधनाच्या टाकीला वेल्डिंग करणे हे तर घरचे काम नव्हेच. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

लांबी वापरावी का? वापरावी, पण शेवटी आणि पातळ. ठिगळ घासल्यावर राहिलेला उंचसखलपणा भरण्यापुरतीच ती आहे. लांबी पाणी शोषते. भोक बुजवायला किंवा गंजावर लावली, तर आमच्या जीपचे झाले तेच होईल.

मळीचा एक उपयोग

आपल्या व्यवसायातलीच एक वस्तू गंज काढायला उपयोगी पडते, हे ऐकून काही सभासदांना नवल वाटेल. ती म्हणजे मळी. १ भाग मळी आणि ९ भाग पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात कालवून त्यात गंजलेले सुटे भाग बुडवून ठेवले, तर एक ते तीन आठवड्यांत गंज सुटून येतो. मळीतील घटक गंजातले लोह धरून पाण्यात ओढतात आणि चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लागत नाही. परदेशातले जुन्या गाड्यांचे शौकीन लोकही हीच रीत वापरतात. बिजागऱ्या, कड्या, क्लॅम्प, छोटी झाकणे यांना ती फार सोयीची आहे.

पण पथ्ये पाळावीत. भाग पूर्ण बुडाला पाहिजे. ॲल्युमिनियमचे व जस्ताचा मुलामा असलेले भाग टाकू नयेत, ते खाल्ले जातात. ब्रेकचे भाग, स्प्रिंगा, बेअरिंग यांना हा प्रयोग करू नये. वास येतो, फेस येतो, माश्या येतात, म्हणून पिंप घरापासून दूर, झाकून ठेवावे. भाग बाहेर काढला की जोरदार पाण्याने धुऊन, ताबडतोब वाळवून अस्तर द्यावे. वापरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. मळी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. आणि एक महत्त्वाचे : मळीच्या खरेदी-साठ्याला राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियम आहेत. तेव्हा ती रीतसर मिळाली तरच वापरावी. कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडे परस्पर डबा मागून त्याला अडचणीत आणू नये.

अस्तर आणि रंग

पुष्कळांची समजूत अशी की रेड ऑक्साइडचा एक हात मारला म्हणजे लोखंड अमर झाले. तसे नाही. अस्तराचे काम पत्र्याला धरून ठेवण्याचे आणि वरच्या रंगाला बैठक देण्याचे. नुसत्या अस्तरातून पाणी झिरपते. तेव्हा इपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेटचे अस्तर दोन हात द्यावे आणि त्यावर रंगाचे निदान दोन हात द्यावेत. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्यावा. सांधे आणि ठिगळाच्या कडा यांत पाणी शिरू नये म्हणून रंगाआधी सांधे भरण्याचे सीलर लावावे.

आणि आतली बाजू? लोक बाहेरून आरशासारखा रंग देतात आणि आत कोरडे ठेवतात. शत्रू आतून येतो हे आपण पाहिले. म्हणून दोन्ही बाजूंना अस्तर-रंग झालाच पाहिजे. दारासारख्या पोकळ भागात फवारून लावण्याचे मेण मिळते, ते मारावे. जळके ऑईल चोपडण्याची जुनी रीत आहे, पण ते अंगाला अपायकारक असते, रबर खराब करते आणि शेवटी आपल्याच जमिनीत ठिबकते. तिचा नाद सोडावा.

जुना रंग कोरडा घासताना उडणारी धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये. जुन्या रंगांत शिसे असते. लोखंडाला पूर्वी सर्रास लावत ते लाल अस्तर म्हणजे शिशाचाच शेंदूर. आपल्या देशात २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाला कडक मर्यादा आहे, पण आपली गाडी आणि तिचा रंग त्याआधीचा असू शकतो. पाणी लावून घासावे, तोंडाला धूळ अडवणारा मास्क लावावा, आणि पोरांना व जनावरांच्या वैरणीला त्या जागेपासून लांब ठेवावे. थिनरजवळ बिडी-काडी नको, हे वेगळे सांगायला नको.

केव्हा करावे आणि पुढे कसे राखावे?

गळीत हंगाम संपला की मृगाच्या पावसापर्यंतचे दिवस या कामाला उत्तम. हवा कोरडी असते आणि गाडीही मोकळी असते. मात्र भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग मारू नये, रंग सुकण्याआधीच थिनर उडतो आणि फोड येतात. सकाळी दव उडाल्यावर, सावलीत काम करावे. पावसाळ्यात रंगकाम काढूच नये.

पुढे राखण सोपी आहे :

१. खत वाहिले त्याच दिवशी हौदा झाडून धुवावा. हंगामात आठवड्यातून एकदा मडगार्ड आतून धुवावेत.

२. दाराच्या तळाला पाणी निघण्याची बारीक भोके असतात. ती तारेने मोकळी ठेवावीत. कित्येक दारे केवळ ही भोके बुजल्यामुळे सडतात.

३. ट्रॉली उभी करताना पुढची बाजू थोडी उंच ठेवून मागचा फाळका उघडा ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही.

४. ओल्या मातीवर, गवतात गाडी महिनोन् महिने उभी करू नये. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये, आत वाफ धरते. छपराखाली, वारा खेळेल अशी ठेवावी.

५. खरचटले की त्याच आठवड्यात अस्तराचा ठिपका द्यावा.

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर नूतनीकरणाला येते आणि तेव्हा गाडी तपासणीला न्यावी लागते. तपासणीच्या आदल्या दिवशी धावाधाव करून रंग मारण्यापेक्षा दरसाल उन्हाळ्यात दोन दिवस दिलेले बरे.

आमच्या जीपचे शेवटी काय झाले, असे कोणी विचारील. पायाखालचा सगळा पत्रा कापून नवा घातला. दारांचे तळ बदलले. या वेळी मिस्त्रींना एवढेच सांगितले, "वेळ लागू दे, पण रंगाआधी आम्हाला उघडा पत्रा दाखवा." सभासदांनीही गाडी कामाला टाकताना हे एक वाक्य जरूर म्हणावे. रंग झाल्यावर सगळीच कामे सारखी दिसतात, खरे काम रंगाच्या आधी दिसते.

येत्या रविवारी सवड काढून गाडीखाली एकदा वाकून बघा. हातोडीने ठोकून ऐका. 'टण्' वाजले तर आनंदच आहे. 'भद्' वाजले तर मृग लागायच्या आत कामाला लागा.